कानात काय घातलंय? हेडफोनची शंभर वर्षं आणि माकणीचा रस्ता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आता तुम्ही हे ऐकत असाल तर बहुतेक तुमच्या कानात वायरलेस इअरबड्सच असणार. आजचा विषय तोच आहे. गेला महिनाभर मी एक जोडी वापरून बघतोय. ऑफिसचे कॉल, रोजचं ऐकणं आणि सकाळचं पळणं. साधा रिव्ह्यू करायचा विचार होता. पण मध्ये एक गोष्ट घडली आणि रिव्ह्यूचा इतिहास झाला.

मी सध्या माकणीला, गावी आहे. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण आमच्याच गावाजवळ. वर्क फ्रॉम होम असलं की सकाळी धरणाकडच्या रस्त्यानं पळायला जातो. जानेवारीतली गोष्ट. नुकतंच उजाडलेलं, कानात पॉडकास्ट, नॉइज कॅन्सलेशन चालू. पळता पळता डावीकडचा खड्डा चुकवायला मी सहज उजवीकडे सरकलो. आणि अंगाला वारा लागला. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर माझ्या कोपराला जवळजवळ घासून पुढे गेला. ड्रायव्हर मागे वळून काहीतरी ओरडत होता. काय ते मला ऐकू आलं नाही, पण अंदाज तुम्हीही करू शकता.

इंजिनियर माणसाला अशा वेळी घाम पुसून झाला की एकच प्रश्न पडतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ऐकू कसा आला नाही? हा बग आहे की फीचर?

उत्तर शोधत गेलो ते थेट शंभर वर्षं मागे.

कान लावून ऐकण्याचे दिवस

आजच्या हेडफोनचा एक पूर्वज १९१० सालचा. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसानं घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि अमेरिकन नौदलाला पाठवले. नौदलाला ते आवडले, ऑर्डर आली. तेव्हा हेडफोन गाण्यांसाठी नव्हताच. तारायंत्राचा क्षीण आवाज टिपायला तो लागायचा.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्या काळातला सगळ्यात स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. एक खडा, एक बारीक तार, एक लांब एरियल. बॅटरी नाही, वीज नाही. हवेतून येणाऱ्या लहरींमध्ये जेवढी ताकद असेल तेवढ्यावरच तो चालायचा. एवढ्याशा ताकदीत स्पीकर हलणार कसा? म्हणून हेडफोन कानाला लावून, घरात सगळ्यांना गप्प बसवून ऐकायचं.

म्हणजे बघा, एकट्यानं कानात ऐकणं ही मोबाइलवाल्या पिढीची खोड नाही. रेडिओची सुरुवातच तशी आहे. ताकदवान व्हॉल्व्ह सेट आले, स्पीकर आला, तेव्हा कुठे ऐकणं चारचौघांचं झालं.

पुण्यातली टेस्ट, १९५६

ही गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. आपण इअरबड्स टेस्ट करतो, पण महाराष्ट्रात चक्क 'ऐकणं' टेस्ट केलं होतं.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचा गट. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा, गावाच्या प्रश्नांचा कार्यक्रम लागायचा. सगळ्यांनी एकत्र बसून तो ऐकायचा. मग रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करायची, आणि जमलं तर गावात काहीतरी करून दाखवायचं. असे एकूण २० कार्यक्रम झाले.

याची तपासणी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं केली, पॉल न्यूरथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. पद्धत बघा, आपल्या ए-बी टेस्टिंगसारखीच. काही गावांत रेडिओ आणि गट दोन्ही, काही गावांत नुसता रेडिओ, काही गावांत काहीच नाही. आधी लोकांना प्रश्न विचारले, कार्यक्रम संपल्यावर परत विचारले. जिथे लोक गटानं ऐकून बोलत होते तिथे माहिती भरपूर वाढली. बाकीच्या गावांत फरक नगण्य. नुसता डबा आणून ठेवल्यानं फारसं काही झालं नाही. शेजारच्याशी बोलल्यावर झालं.

आमचा जिल्हा या प्रयोगात नव्हता. असणारही नाही, कारण तेव्हा आम्ही हैदराबाद राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तोवर प्रयोग संपला होता.

नारंगी बटण

मग ट्रान्झिस्टर आला. रेडिओ खिशात मावायला लागला, सोबत एका कानात घालायचा छोटा इअरफोन. बांधावर, टपरीवर, क्रिकेटच्या दिवशी ऑफिसात, लोक परत एकएकटे ऐकायला लागले.

१ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला. त्या पहिल्या मॉडेलमध्ये हेडफोन लावायला दोन छिद्रं होती आणि वर एक नारंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि मशिनमधल्या माइकमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांना काळजी होती, एकट्यानं कान बंद करून ऐकणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल. म्हणून मित्रासाठी दुसरं छिद्र, आणि बोलायला ते बटण.

पुढच्या मॉडेल्समधून हे दोन्ही गेलं. लोकांना एकटंच ऐकायचं होतं. आज आपण ज्याला 'ट्रान्स्परन्सी मोड' म्हणतो आणि नवीन फीचर म्हणून त्याचे जास्तीचे पैसे मोजतो, तेच हे नारंगी बटण!

विमानातली घरघर

आता माझ्या ट्रॅक्टरकडे येतो. नॉइज कॅन्सलेशनची कल्पना जुनी आहे, १९३० च्या दशकात पॉल ल्यूग या जर्मन माणसानं तिचं पेटंट घेतलं होतं. पण ती कानापर्यंत आणण्यात मोठा वाटा अमर बोस यांचा. वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांपासून सुटून अमेरिकेला गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक आणि बोस कंपनीचा संस्थापक. १९७८ मध्ये झ्युरिकहून बॉस्टनला येताना त्यांनी विमानातले हेडफोन लावले. इंजिनच्या घरघरीत काहीच नीट ऐकू येईना. त्यांनी तिथेच, विमानात बसून, गणित मांडायला सुरुवात केली. पहिला हेडसेट बाजारात आला १९८९ मध्ये, आणि तो होता वैमानिकांसाठी.

तत्त्व सोपं आहे. आवाज म्हणजे हवेची लाट. माइक बाहेरची लाट टिपतो, चिप तिच्या बरोबर उलटी लाट बनवते, दोन्ही कानात भेटल्या की एकमेकींना खातात. पण उलटी लाट वेळेत तयार व्हायला हवी. उंच पट्टीच्या आवाजात लाटा इतक्या भराभर येतात की गणित चुकतं. खालच्या पट्टीत वेळ मिळतो. म्हणून नॉइज कॅन्सलेशन सगळ्यात चांगलं चालतं ते जड, घुमणाऱ्या आवाजावर. विमानाची घरघर, एसटीचं इंजिन, पंखा.

आणि ट्रॅक्टर. त्याचं इंजिन चिपनं खाल्लं. हॉर्नचा उंच आवाज कानातल्या सिलिकॉनच्या बोंडानं अडवला. उरलेलं पॉडकास्टमधल्या माणसानं झाकलं. बग नव्हता, मंडळी. फीचर अगदी चोख चाललं होतं.

वायर गेली ती ब्लूटूथमुळे. स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमाराला हे काम सुरू झालं, नाव पडलं दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं. आणि एक गंमत: ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, ७ सप्टेंबरला ॲपलनं हेडफोनचं छिद्र नसलेला आयफोन ७ आणि एअरपॉड्स दाखवले. एकाच आठवड्यात डेटा स्वस्त झाला आणि वायर सुटायला लागली. आमच्या पारावरच्या पोरांच्या कानात आज जे दिसतं त्याची दोन टोकं त्या आठवड्यात आहेत.

माझी टेस्ट

ट्रॅक्टरच्या प्रकारानंतर मी चुलतभावाला घेऊन त्याच रस्त्यावर गेलो. मी पाठ करून उभा, तो मागून मोटरसायकल घेऊन येणार, ऐकू आली की मी हात वर करायचा. कान मोकळे असताना गाडी वळणावर असतानाच हात वर. ट्रान्स्परन्सी मोडमध्ये, आवाज निम्मा ठेवून, थोडा उशिरा, पण बाजूला व्हायला भरपूर वेळ. नॉइज कॅन्सलेशन चालू आणि आवाज मोठा असताना, भाऊ शेजारी येऊन थांबला आणि त्यानं खांद्यावर थाप मारली.

बाकी निकाल पटकन सांगतो. घाम: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतात, पण घामात मीठ असतं, म्हणून पळून आल्यावर पुसून मगच केसमध्ये ठेवा. फोन मागच्या खिशात असेल तर आवाज तुटतो, कारण ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषतं आणि आपलं शरीर बरंचसं पाणीच आहे. धरणाच्या भिंतीवर वाऱ्यात कॉल केला तर समोरच्याला फक्त वारा ऐकू येतो. मॅनेजरला वाटलं मी गोव्यात आहे.

आवाजाचं मात्र लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. रोज तासभर जिममध्ये फुल आवाज ठेवणाऱ्यांनी हिशोब करून बघा. इथे नॉइज कॅन्सलेशन उपयोगाचं आहे: बाहेरचा गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही.

आज्जीचा नियम

शेवटची टेस्ट झोपेची होती. इअरबड्स घालून झोपलो तर कान दुखतात का, एवढंच बघायचं होतं. आज्जीनं बघितलं. "काय ऐकूलालास रं झोपंत?" म्हणाली, "काढ ते. रातच्याला कान मोकळा असावा."

मी हसलो. ती हसली नाही.

ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात धक्क्यांची रांग लागली होती. जमिनीतून आवाज यायचे. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, मग सवय झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. तीव्रता ६.२. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं, सगळं अंगावर आलं. शेजारचं सास्तूर, पलीकडे किल्लारी, गावंच्या गावं गेली. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या घरात आहे.

माझा जन्म त्यानंतरचा. आज्जी सांगते, आधी भुई घुमली, मग हलली. मी तिला विज्ञान सांगायचा प्रयत्न केला, की भूकंपाची पहिली लाट वेगानं येते, ती कधीकधी आवाजासारखी ऐकू येते, पण इतक्या जवळ मध्ये दोनेक सेकंद सुद्धा मिळत नाहीत. कान मोकळा असून उपयोग काय?

ती म्हणाली, "पळायला न्हाई रं. सकाळी ढिगाऱ्याखालून कोण हाका मारायलंय ते कानानंच कळलं. सगळ्यांनी गप बसायचं, आन् कान लावायचा."

मी गप्प बसलो. क्रिस्टल सेटसमोर गप्प बसणारं घर मी आधी गमतीत सांगितलं होतं. हे तसलंच गप्प बसणं, पण यात माणसं सापडायची. या भागात आजही अधूनमधून जमिनीतून आवाज येतात, आणि आमच्या पिढीला कळायच्या आत म्हातारी माणसं अंगणात आलेली असतात. तो आवाज जड, घुमणारा, खालच्या पट्टीतला. चिपला सगळ्यात चांगला खाता येतो तोच.

म्हणून माझा निकाल. मी इअरबड्स परत केले नाहीत, चांगले आहेत. पुण्याच्या बसमध्ये नॉइज कॅन्सलेशन चालू. माकणीच्या रस्त्यावर एकच कान, डावा, तोही ट्रान्स्परन्सीवर, आणि पळायचं समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं. रात्री दोन्ही केसमध्ये, केस चार्जिंगला.

हा भाग टाकण्याआधी मी तो पारावर फोनच्या स्पीकरवर लावला. सात-आठ जण होते. क्रिस्टल सेटपर्यंत शांत ऐकलं. ट्रॅक्टर आल्यावर एक काका म्हणाले, "थांबव जरा. तो ड्रायव्हर आपल्या वाडीचाच का?" मग अर्धा तास तीच चर्चा. पुढचा भाग त्यांनी ऐकलाच नाही.

तुमच्या घरात, गावात रेडिओच्या, वॉकमनच्या, ऐकण्याच्या काही आठवणी असतील तर आज्जी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात. आणि आत्ता रस्त्यावर असाल तर एक कान काढा.