निरोपाचा पत्ता

सालवडहून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका चाळीची आडवी भिंत आहे. तिच्यावर चुन्याचा पट्टा ओढून निळ्या ऑइलपेंटने 'रूम भाड्याने मिळेल' एवढेच तीन शब्द, त्यांखाली दहा आकडे, आणि आकड्यांच्या शेजारी, रंगाऱ्याला साधला तसा, व्हॉट्सॲपचा हिरवा फुगा काढलेला आहे. लिहविणाराने स्वतःचे नाव घातलेले नाही, चाळीचे नाही, घराचा क्रमांक नाही. उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून आलेल्या, मराठी न वाचणाऱ्या कामगारालाही फुगा ओळखता येतो आणि आकडे दाबता येतात, एवढ्या भरवशावर तो सारा व्यवहार उभा आहे. संगणकावरच्या 'प्रोफाइल'मध्ये संपर्काचा म्हणून जो रकाना असतो तोच येथे भिंतीवर उतरला आहे, असे ती भिंत पाहून मला दर वेळी वाटते. आणि या रकान्याचा पूर्वेतिहास वाटतो त्याहून लांबचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या मुलखात निरोप धाडणे जुने, पण निरोपाचा पत्ता चारचौघांत मांडून ठेवणे अगदी अलीकडचे. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने येथून काही कोसांवरचा तारापूरचा किल्ला घेतला आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. उत्तर कोकणच्या त्या मोहिमेतील खबर घाटावर गेली ती काशिदांच्या व जासूदजोड्यांच्या पायांनी. त्या काळच्या पत्रांत मजकूर संपला की तेथे 'लेखनसीमा' असा शिक्का, म्हणजे मोर्तब, उठवीत, हेतू हा की त्याखाली कोणा आगंतुकाने एक ओळही वाढवू नये. नाव आणि मायना पत्रावर असे. मुक्काम दर चार दिवसांनी हालणाऱ्या सरदाराला गाठणे हे मात्र काशिदाचे कसब. म्हणजे मजकुराची राखण मोर्तब करी आणि ठिकाणाची राखण माणूस करी, आणि ही दोन कामे निरनिराळी आहेत हे त्या दफ्तरातल्या कारकुनांना पक्के ठाऊक होते.

पुढे वृत्तपत्रे आली, अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला गाठण्याचे प्रसंग वाढले, आणि त्यांबरोबर 'बॉक्स नंबर'ची रीत आली. वधूवरविषयक जाहिरातीत मुलीचे वय, शिक्षण, उंची, गोत्र सारे असे, परंतु घराचा पत्ता नसे. उत्तरे वृत्तपत्राच्या कचेरीत त्या क्रमांकावर जमत, मुलीचे वडील ती गठ्ठ्याने घरी आणीत, त्यांतली चार निवडीत आणि बाकीची बंबात घालीत. ज्याला नकार मिळाला त्याला नकार देणाराचे दार कधीच कळत नसे. या रीतीचे कौतुक कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. मला मात्र ती छापखान्याच्या युगातील एक अत्यंत शहाणी तजवीज वाटते.

तारापूरचे अणुविद्युत केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाले, मागाहून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने उभे राहिले, आणि सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली ही शेतीवाडीची गावे परगावच्या माणसांनी भरून गेली. या माणसांचा संपर्क म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला दूरध्वनी. नोकरीच्या अर्जावर त्या दुकानाचा क्रमांक लिहून त्यापुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरे घालीत, की वाचणाराने समजावे, फोन दुसऱ्याचा आहे, बोलावून घ्यावे लागेल. घंटी वाजली की दुकानदार आधी विचारी, "कोण बोलतंय? कुठनं?" आणि उत्तर पटले तरच पोऱ्याला चाळीत पिटाळी. त्या एका खडसावणीत जेवढा बंदोबस्त होता तेवढा पुढे आलेल्या पुष्कळ यंत्रांना साधलेला नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, इस्रायलमधील 'मिराबिलिस' नावाच्या कंपनीने 'आयसीक्यू' हा तात्काळ निरोपाचा कार्यक्रम काढला. अक्षरे भरभर उच्चारली की इंग्रजीत 'मी तुला शोधतो आहे' असा अर्थ निघतो. शोधणाराला तो गोड, ज्याला शोधावयाचे त्याची संमती कोणी विचारलेली नाही. प्रत्येक सभासदाला अनुक्रमाने एक क्रमांक मिळे, तेव्हा क्रमांक जितका लहान तितका सभासद जुना, आणि मोटारीच्या '०००१' साठी आपल्याकडे जी चढाओढ लागते तशीच त्या पाच-सहा आकड्यांसाठी लागली. चोरांनी लवकरच वर्म हेरले: सभासदाने आरंभी नोंदविलेले ईमेल खाते वापराअभावी रद्द झाले असेल तर तेच खाते आपल्या नावाने पुन्हा उघडावे, परवलीचा शब्द विसरल्याचा बहाणा करावा, आणि नवा शब्द त्या खात्यावर मागवून क्रमांक ताब्यात घ्यावा. मालक सोडून गेलेल्या घराच्या पत्त्यावर किल्ल्या पोहोचाव्यात, असा तो प्रकार. शिवाय आयसीक्यूची एक सोय अशी होती की आपल्या पानावर एक लहानसे फूल लावता येई. मालक संगणकासमोर असला की ते हिरवे, नसला की तांबडे. घरात कोण जागे आहे हे दारावरच टांगून ठेवण्याची ही हौस त्या काळी कोणाला खटकली नाही.

१९९७ मध्ये एओएलचा 'एआयएम', १९९८ मध्ये याहूचा, १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'एमएसएन' मेसेंजर आला, आणि कोणत्याही प्रोफाइलमध्ये चार रकाने एकाखाली एक दिसू लागले. लग्नपत्रिकेत कोणी चुलता सुटू नये अशा काळजीने लोक ते चारही भरीत. बोईसर स्टेशनाजवळच्या एका सायबर कॅफेत, प्लायवुडच्या आडोशामागे, तासाच्या हिशोबाने पैसे मोजून मीही ते भरले आहेत. याहूवर कोणी भेटला की पहिला प्रश्न 'एएसएल' असे, म्हणजे वय, लिंग आणि गाव. उत्तर खरे असण्याचा आग्रह कोणी धरीत नसे. नाव भरण्याच्या चौकटीत नुसता बाण दाबला की सकाळपासून त्या खुर्चीवर बसून गेलेल्या साऱ्यांची नावे खाली उलगडत, 'बोईसरचा राजा' धाटणीची, आणि एखाद्याने 'लक्षात ठेवा' या चौकोनातली खूण काढली नसेल तर परवलीच्या शब्दाच्या जागी चांदण्याही आयत्या भरून येत. एकदा ती खूण काढावयास मी विसरलो. दुसऱ्या दिवशी माझ्या एका मित्राने माझ्याशी अबोला धरला, आणि माझ्या नावाने त्याला कोणी काय लिहिले हे कळावयास आठवडा लागला.

परंतु हे सारे पोरखेळ म्हणावेत असे प्रसंग त्याच सुमारास घडत होते. दिल्लीत एका विवाहितेच्या नावाने कोणी भलताच गृहस्थ चॅटवर वावरत होता आणि तिच्या घरचा दूरध्वनी क्रमांक वाटीत होता. अपरात्री फोन येऊ लागले तेव्हा तिने फिर्याद दिली. आपल्या देशातील ऑनलाइन पाठलागाचे पहिले प्रकरण म्हणून तेच सांगितले जाते. चेन्नईत २००४ मध्ये एका स्त्रीबद्दल याहूच्या एका मेसेज ग्रुपवर असाच बदनामीकारक मजकूर टाकण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायालयाने आरोपीला शिक्षा ठोठावली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील आरंभीच्या शिक्षांपैकी ती एक. या दोन्ही प्रकरणांत रकाना जिचा होता तिने तो भरलेलाच नव्हता. मुंबईत ऑगस्ट २००७ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन खून झाला. 'ऑर्कुट' या समाजमाध्यमावरील ओळखीतून त्याला बोलावून नेले, असे पोलिसांचे म्हणणे होते. पुढे २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. ऑर्कुटचा धसका मात्र त्याआधीच घरोघर बसला होता.

आमच्या पालघरचे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत गेले ते नोव्हेंबर २०१२ मध्ये. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या 'लाइक' केल्या; दोघींना अटक झाली आणि पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ वर या प्रकरणातून जे वादळ उठले त्याची परिणती २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविण्यात झाली, हे सर्वश्रुत आहे. मला खुपते ते निराळे. त्या चार ओळींत दवाखान्याचा पत्ता नव्हता. मुंबईत टोपणनावाने हजारांत हरवून जाता येते. आमच्याकडे आडनाव हाच पत्ता असतो आणि वाट दाखवावयास कोणीही तयार असतो.

खरे स्थित्यंतर २००९ मध्ये व्हॉट्सॲपने झाले, आणि ते घडवून आणणारे जॅन कूम व ब्रायन ॲक्टन हे दोघेही याहूतूनच बाहेर पडलेले. त्यांनी टोपणनाव आणि परवलीचा शब्द ही दोन्ही लचांडे काढून टाकली. मोबाइलचा क्रमांक हाच सभासदाचा पत्ता. ज्याने जन्मात ईमेल उघडले नाही अशा सालवडच्या हमालाला त्यामुळे गावी बायकोचे तोंड पाहता येऊ लागले, हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याच दहा आकड्यांवर बँकेचा ओटीपी येऊ लागला, आधार जोडले गेले, २०१६ पासून यूपीआयचे पैसे येऊ-जाऊ लागले, आणि जो पत्ता दारावर लावावयाचा तोच तिजोरीची किल्ली होऊन बसला. आजचा ठग 'घरबसल्या काम' म्हणून निरोप धाडतो किंवा 'चुकून तुमच्याकडे सहा आकडे आले, तेवढे कळवा' म्हणतो, आणि कळविले की समोरच्याचे खातेच उचलतो. २०१७ पासून व्हॉट्सॲपवर दुहेरी पडताळणीचा पिन ठेवता येतो, तो ठेवणारे माझ्या परिचयात फार थोडे. व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केले की क्रमांक ओळीने तपासत गेल्यावर व्हॉट्सॲपची सुमारे साडेतीनशे कोटी खाती त्यांना मोजता आली, त्यांतली पाऊणशे कोटींच्या आसपास भारतातील, आणि एकूण खात्यांपैकी निम्म्याहून अधिकांची छबी कोणालाही पाहता येत होती. मजकुरावरचे मोर्तब शाबूत होते. ठिकाण उघडे होते.

गंमत अशी की चाक आता उलटे फिरू लागले आहे. 'सिग्नल' या निरोपाच्या ॲपने फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रमांक झाकून टोपणनावाने बोलण्याची सोय आणली, म्हणजे 'बॉक्स नंबर' परत आला. एमएसएन २०१३-१४ मध्ये, एआयएम २०१७ मध्ये, याहू मेसेंजर २०१८ मध्ये आणि आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी बंद पडले; जुन्या प्रोफाइलांतले त्यांचे रकाने मात्र पडक्या वाड्याच्या दारावरील पाट्यांसारखे तसेच आहेत. त्यांची भीती नाही, कारण आयसीक्यूचा क्रमांक आता कोणालाच मिळणार नाही. मोबाइलचा क्रमांक मिळतो. बंद केलेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला देऊ नये, असा दंडक असल्याचे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यानंतर तो नव्या माणसाच्या हाती जातो, आणि जुन्या मालकाने बँकेत, गॅसच्या नोंदणीत वा प्रोफाइलमध्ये तो बदललेला असेलच असे नाही.

हे लिहिण्यापूर्वी मी त्या भिंतीवरचा क्रमांक लावून पाहिला. उचलणारा गृहस्थ लातूरकडचा निघाला. त्याने सालवड पाहिलेले नाही. सिम घेतल्यापासून महिन्याला चार-पाच जण त्याला खोली विचारतात, आणि कोणा दुसऱ्याच्या खात्यात पैसे जमा झाल्याचे निरोपही त्यालाच येतात. आरंभी तो प्रत्येकाला सारी हकिगत समजावून सांगे. आता "भरली, खोली भरली" एवढेच सांगून फोन ठेवतो.