पंखा कोणता घ्यावा?

परवा रात्री नातवाचा इंग्लंडहून फोन आला. त्याने दोन मित्रांबरोबर एक जुनी शिडाची होडी घेतली आहे. वारा पडला तर हाताशी असावे म्हणून तिला छोटे डिझेल इंजिन आहे. "आजोबा, इंजिनाचा पंखा बदलायचाय. कोणता घेऊ?" जन्मभर मराठी शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न! गावच्या विहिरीत पोहायला शिकलो, तेवढाच माझा पाण्याशी संबंध.

अडचण त्यानेच समजावली. तीन पात्यांचा पक्का पंखा होडीला चांगला रेटतो. पण इंजिन बंद करून शीड उभारले की तोच पंखा पाण्यात आडवा येतो आणि वेग खातो. मिटणारा पंखा घेतला तर पाण्याच्या ओघाने त्याची पाती मागे मिटतात. मात्र तो महाग, आणि उलटा फिरवून होडी थांबवायची तर जरा कमजोर.

मी म्हटले, "अरे, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे!" मग दोन दिवस वाचत बसलो.

जहाजाच्या पंख्याचे पेटंट घेणाऱ्यांपैकी फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा शेतकरी होता. 1837 मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना त्याच्या लाकडी मळसूत्राचा अर्धा भाग मोडला आणि होडी उलट जास्तच वेगाने धावू लागली! 1845 मध्ये पंख्याच्या 'रॅटलर'ने चाकांच्या 'अलेक्टो'ला दोरीने बांधून मागे ओढत नेले, आणि पंख्याची ताकद सर्वांना दिसली.

पण जहाजांनी शिडे सोडली नव्हती. कोळसा महाग, वारा फुकट! मग बंद पंख्याचे करायचे काय? ब्रिटिश आरमाराने जहाजाच्या मागच्या भागात विहिरीसारखी पोकळी ठेवली आणि पंखा तिच्यातून वर ओढून घेण्याची सोय केली. 1860 मध्ये पाण्यात उतरलेल्या 'वॉरियर'चा पंखा 26 टनांचा. तो वर ओढायला सहाशे माणसे लागत!

'ग्रेट ब्रिटन'ची गोष्ट तर फारच बोलकी आहे. ब्रुनेलने ब्रिस्टलला बांधलेले हे लोखंडी जहाज 1843 मध्ये पाण्यात उतरले. पंखा सहा पात्यांचा. 1845 मध्येच अटलांटिकवर त्याची पाती तुटली आणि जहाज शिडांवर घरी परतले. पुढे ते ऑस्ट्रेलियाच्या लांब वाटेला लागले. तिथे शिडेच मुख्य झाली, इंजिन मदतनीस. म्हणून 1857 मध्ये त्याला दोन पात्यांचा, वर उचलता येणारा पंखा बसवला.

1857 हे साल वाचले आणि मी थबकलो. त्याच वर्षी ऑक्टोबरात हे जहाज आयर्लंडहून निघाले आणि केपला वळसा घालून डिसेंबरात मुंबईला लागले. आत 17 व्या लान्सर्सचे स्वार होते. पुढच्या वर्षी तात्या टोपे यांच्या पाठलागावर जी पथके होती, त्यांत हेही होते.

मंडळी, मी तीस वर्षे वर्गात "विलायतेहून जादा फौज आली" एवढे एक वाक्य सांगून पुढे गेलो. कशी आली, किती दिवसांत आली, हे कोणा मुलाने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. एका पंख्यामुळे सारे घडले असे मी मुळीच म्हणत नाही. पण फौजेमागे जहाज असते आणि जहाजामागे असले बारीकसारीक निर्णय असतात, हे मुलांना सांगायला हवे होते. ते राहून गेले, याची चुटपूट लागली.

असो. 1882 मध्ये त्या जहाजाचे इंजिन काढून टाकले आणि ते निव्वळ शिडांचे झाले. 1970 मध्ये त्याला ब्रिस्टलला परत आणले, आणि आज तिथे सहा पात्यांच्या पंख्याची प्रतिकृती पाहायला मिळते.

नातवाला सांगितले, "तुझ्याकडे सहाशे माणसे नाहीत, तेव्हा मिटणारा पंखा सोयीचा खरा. पण तुमच्या खाडीला भरती-ओहोटीची ओढ फार. धक्क्याला लागताना होडी हमखास थांबली पाहिजे, नाहीतर तुझ्या आईला झोप लागायची नाही. वेग थोडा गेला तरी चालेल."

शेवटी त्याने तीन पात्यांचा पक्का पंखाच घेतला. पुढच्या महिन्यात तो ब्रिस्टलला जाणार आहे. तिथली पाती मोजून मला कळवायचे त्याने कबूल केले आहे.