रिद्धपूरची स्थळनामे आणि ऐतिहासिक नकाशा

ऐतिहासिक नकाशा रचणाऱ्यास पहिली अडचण भासते ती अंतराची वा दिशेची नव्हे, नावाची. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे याचे बोलके उदाहरण होय. महानुभाव वाङ्मयात हे गाव ऋद्धिपूर व परमेश्वरपूर या नावांनी येते. इंग्रजी लेखनात त्याची रिठपूर, रितपूर अशी रूपे झाली. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा येथे सापडलेला ताम्रपट 'रिठपूर ताम्रपट' म्हणून अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. आता, विदर्भाच्या महसुली दप्तरात 'रिठ' म्हणजे ओसाड गाव. केवळ अर्थाच्या आधारे नोंद करू जाणारा मनुष्य एका नांदत्या तीर्थक्षेत्रास ओसाड ठरवू शकेल!

अशीच अडचण आयर्लंडमध्ये आली होती. तेथे 1824 साली आरंभिलेल्या सरकारी मोजणीत गेलिक नावे इंग्रजी नकाशावर कशी उतरवावी, हा प्रश्न होता. 1830 पासून या कामी असलेल्या जॉन ओडोनोव्हन यांनी गावोगावचे उच्चार ऐकले, जुन्या लेखांतील रूपांशी ते ताडून पाहिले आणि रूपे व अर्थ वह्यांत नोंदविले. नकाशावर मात्र बहुधा इंग्रजी वळणाचे एकच रूप छापले गेले. त्यामागचा विचार वह्यांतच राहिला.

रिद्धपूरच्या अभ्यासकाजवळ याहून कितीतरी जुनी वही आहे. चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी'त श्रीचक्रधर व श्रीगोविंदप्रभू यांच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने गावोगाव नोंदविली आहेत. प्रदीर्घ मुक्कामाचे ते अवस्थान, रात्रीच्या मुक्कामाचे वसतिस्थान, बसण्याचे आसनस्थान, असा भेद ती करते. अमुक देऊळ कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, हेही ती सांगते. गोविंदप्रभूंचे निवासस्थान असलेला राजमठ हे मूळचे नरसिंहाचे देऊळ. येथे वास्तू तीच, पण तिचे नाव बदलले. म्हणून स्थाननिश्चितीचा भार पोथी केवळ नावावर टाकीत नाही. भक्ताला जागा सापडावी एवढाच तिचा हेतू. परंतु त्यामुळेच ती नकाशाकाराच्या उपयोगी पडते.

नावाची रूपांतरेही पुराव्याचे काम करतात. जवळचेच अचलपूर पाहा. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या नावातील 'च' व 'ल' यांची अदलाबदल नोंदवून 'अलचपुर' हे रूप दिले आहे. पुढील एलिचपूर हे रूप त्याच परंपरेतले. इल राजावरून हे नाव पडले ही आख्यायिका लोकस्मृती म्हणून अवश्य टिपावी. व्युत्पत्ती म्हणून नव्हे.

तात्पर्य, प्रत्येक स्थळासाठी चार नोंदी पृथक् ठेवाव्या: ग्रंथातील वा लेखातील रूप त्याच्या काळासह, आज गावात ऐकू येणारा उच्चार, लोकांनी सांगितलेला अर्थ आणि अभ्यासकाचा निष्कर्ष. संस्कृत रूप शुद्ध म्हणून बोलीतले खोडू नये आणि बोलीतले जिवंत म्हणून जुने टाकू नये. एखादी वास्तू ढासळली तरी तिचा पाया उकरून काढता येतो. वृद्धांच्या तोंडचे नाव त्यांच्यामागे कोणत्याही उत्खननात सापडत नाही. म्हणून नकाशा पुढे केव्हाही काढता येईल. नावे मात्र आजच टिपून ठेविली पाहिजेत.