औषधदान, शास्त्रदान आणि संशोधकाचा वेळ

जैन शास्त्रकारांनी आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी औषधदानाची परंपरा जैन समाजात विशेष जोमाने चालत आली. गावोगावच्या ट्रस्टांनी दवाखाने बांधले, शस्त्रक्रियागृहे उभारून दिली, डायलिसिसची यंत्रे घेतली. परंतु रुग्णाच्या हाती पडणारे औषध त्याआधी कोणाच्या तरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षांच्या खटपटीतून जन्मलेले असते. त्या वर्षांत त्या संशोधकाचा संसार कोणी चालविला, हे सहसा कोणी विचारीत नाही. संशोधकास दिलेले वेतन हे औषधदान म्हणावे की शास्त्रदान? मूत्ररोगशास्त्राच्या अमेरिकेतील शंभर वर्षांच्या इतिहासात या दानाची वाटचाल मोठी उद्बोधक आहे.

तिचा आरंभ एका विलक्षण दात्यापासून होतो. जेम्स ब्यूकॅनन ब्रेडी (१८५६–१९१७) हा रेल्वेचे साहित्य विकून गडगंज झालेला न्यूयॉर्कचा व्यापारी. हिऱ्यांच्या हौसेमुळे लोक त्याला ‘डायमंड जिम’ म्हणत. त्याच्या खादाडपणाच्याही अनेक कथा प्रसिद्ध होत्या. परिग्रह-परिमाण व्रत ज्याच्या कल्पनेतही आले नसेल, असा हा गृहस्थ. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने त्याचे मूत्र अडू लागले. पण अवाढव्य देह आणि मधुमेह यांमुळे शल्यविशारद त्याला हात लावण्यास धजेनात. १९१२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी पोट न फाडता, मूत्रमार्गातूनच, स्वतः तयार केलेल्या उपकरणाने त्याची शस्त्रक्रिया केली. ब्रेडी बरा झाला आणि त्याने सुमारे २ लाख २० हजार डॉलर दिले. त्यातून १९१५ साली ब्रेडी मूत्ररोग संस्था उभी राहिली. या इमारतीत रुग्णांच्या खाटांबरोबर संशोधनासाठीही जागा होती. रुग्णसेवा आणि संशोधन एकाच छपराखाली आणणारी ही मांडणी पुढे फार मोलाची ठरली.

दुसरा दाता प्रसिद्धीच्या दृष्टीने ब्रेडीच्या पासंगालाही पुरणार नाही. अलाबामा राज्यातील मोबील शहराचा लाकडाचा व्यापारी बेन मे याने शिकागो विद्यापीठातील डॉ. चार्ल्स हगिन्स यांच्या संशोधनास आर्थिक पाठबळ दिले. १९५१ साली त्याच्या नावाने कर्करोग संशोधनाची प्रयोगशाळा निघाली. हगिन्स १९२७ पासून शिकागोत होते. १९४१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. वृषण काढले अथवा स्त्री-संप्रेरक दिले, तर हाडांपर्यंत पसरलेला रोगही मागे हटतो आणि वेदना कमी होतात. कर्करोगाला औषधाने आवरता येते, याचा तो एक पहिला सबळ पुरावा होता. या कार्याचे नोबेल पारितोषिक हगिन्स यांना १९६६ साली, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षांनी मिळाले. त्यांच्याबरोबर शिकागोत काम केलेले डॉ. विल्यम वॉलेस स्कॉट १९४६ साली बाल्टिमोरला ब्रेडी संस्थेचे प्रमुख झाले, आणि अशा रीतीने एका शहरातील विद्या दुसऱ्या शहरात रुजली. इमारती जागच्या जागी राहतात. विद्या माणसांबरोबर प्रवास करते.

अहिंसाव्रती वाचकास येथे थांबावेसे वाटेल. हगिन्स यांचे आरंभीचे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. असंख्य रुग्णांना ज्यातून दिलासा मिळाला, त्या ज्ञानाच्या मुळाशी मुक्या जीवांची वेदना आहे, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

हगिन्स यांच्यासारखा माणूस शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा दोन्ही सांभाळू शकला. पण असे किती जणांना साधते? शल्यविशारदाची मिळकत शस्त्रक्रियांवर अवलंबून असते, आणि रुग्णालयालाही तो शस्त्रक्रिया करतानाच हवा असतो. प्रयोगशाळेत घालविलेला दिवस कोणाच्याच हिशेबात जमेस धरला जात नाही. ही अडचण ओळखून अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७५ साली तरुण संशोधकांसाठी पाठ्यवृत्ती योजना सुरू केली. सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थाही डॉक्टर-संशोधकांसाठी कारकीर्द-विकासाचे पुरस्कार देतात. त्यांची मुख्य अट पैशापेक्षा वेळेची आहे. पुरस्कार मिळालेल्या डॉक्टरचा सामान्यतः ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची हमी त्याच्या रुग्णालयाला द्यावी लागते. शल्यविशारदांना काही वेळा ५० टक्क्यांची सवलत मिळते, कारण हात दीर्घकाळ थांबला तर कौशल्यही गंजते.

मायकेल मिल्कन या धनिकाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. रोखेबाजारातील गुन्ह्यांची कबुली देऊन त्याने कारावास भोगला होता. १९९३ साली सुटका झाली आणि त्याच वर्षी त्याला प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे कळले. (२०२० साली त्याला राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली.) श्रावकाचाराच्या ग्रंथांत न्यायोपार्जित धनाला अग्रस्थान आहे, त्यामुळे या दानाचे मूल्यमापन प्रत्येकाने आपापल्या विवेकानुसार करावे. परंतु त्याने स्थापन केलेल्या संस्थेने दानाची रीत बदलली, हे मान्य केले पाहिजे. लांबलचक अर्जांऐवजी मोजकी पाने आणि झटपट निर्णय, ही तिची पद्धत. याच संस्थेने २००७ पासून तरुण संशोधकांना तीन वर्षांत २ लाख २५ हजार डॉलर देण्यास आरंभ केला. ब्रेडीने बाल्टिमोरला दिलेली रक्कम जवळजवळ एवढीच होती! मधल्या शतकात पैशाचे मूल्य पार घसरले. ज्या रकमेत पूर्वी एक संस्था उभी राहिली, तिच्यात आता एका माणसाची तीन वर्षे विकत मिळतात. मात्र अशा वर्षांची फळे थोडी नाहीत. हगिन्स यांच्याच सूत्राचा धागा पुढे नेऊन पेशीतील संप्रेरकाचा मार्ग अडविणारे एन्झालुटामाइड हे औषध २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या संशोधनासही या संस्थेचे साहाय्य होते.

भारतात मूत्ररोगांच्या रुग्णसेवेसाठी दात्यांनी पुष्कळ केले आहे. गुजरातेत नडियाद येथे १९७८ साली सुरू झालेले मुळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण. संशोधकाच्या वेळेसाठी दिलेले दान मात्र विरळा. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ साली एकत्र येऊन पाठ्यवृत्ती योजना उभारली. तिच्यात डॉक्टरांनाही पाच वर्षे संशोधनास वाहून घेता येईल अशी सोय झाली. ती कोणत्याही एका रोगापुरती नाही.

अशा दानात प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रश्न दात्याला टाळता येत नाही. तो अर्ज पाहतानाच विचारावा लागतो. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांत प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित व अन्य पर्यायी पद्धतींना वाव देणारा बदल अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायद्यात केला, आणि २०२३ साली भारतानेही आपल्या नियमांत तशी दुरुस्ती केली. त्यामुळे एखाद्या तरुण मूत्ररोगतज्ज्ञाला पाठ्यवृत्ती देताना, संशोधन पर्यायी पद्धतींनीच व्हावे, अशी अट ट्रस्टला आता घालता येते. हगिन्स यांच्या काळी दात्यापुढे असा पर्याय नव्हता.