अनहाल्टर स्टेशनचे जुने रूळ

बर्लिन शहरात आस्कानिशर प्लाट्झ नावाचा चौक आहे. तिथे विटांची एक पडकी दर्शनी भिंत एकटीच उभी आहे. कमानी आहेत, वर दिवस आणि रात्र अशा दोन मूर्ती आहेत, मागे मात्र फुटबॉलचे मैदान आणि मोकळे आभाळ. एकेकाळच्या अनहाल्टर स्टेशनचे जमिनीवर एवढेच उरले आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात मी आणि माझा मामेभाऊ या भिंतीपासून दक्षिणेकडे, जुन्या रुळांच्या वाटेने पाच-सहा किलोमीटर चालत गेलो. आमच्या वयाला हे थोडे नाही. पण भाऊ मध्य रेल्वेत गार्ड होता. रूळ दिसले की त्याचे पाय आपोआप चालू लागतात.

स्टेशन १८४१ सालचे. ज्या इमारतीची ही भिंत ती १८८० साली उघडली, म्हणजे आपल्या बोरीबंदरची इमारत पुरी होण्याच्या काही वर्षे आधी. फ्रांट्स श्वेख्टन हे तिचे वास्तुकार. फलाटांवरचे छत सुमारे ६० मीटर रुंद होते. ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना इकडच्या गाड्या इथून सुटत. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा जीव वाचवून निघालेल्या कित्येकांनी हेच स्टेशन गाठले. पार्लमेंटची इमारत जळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त बर्लिन सोडून प्रागला गेला. पु. ल. देशपांड्यांनी ज्याच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला तोच हा ब्रेख्त. बर्लिनमध्ये संगीत शिकलेला वाल्टर काउफमन हा यहुदी तरुण १९३४ साली मुंबईला आला, आणि पहाटे रेडिओ लावल्यावर ऐकू येणारी आकाशवाणीची ती धून आपल्याला मिळाली. असे काही जण आपल्या मुंबईपर्यंत पोहोचले म्हणून हे सांगितले.

१९३३ मध्ये बर्लिनमध्ये सुमारे १,६०,००० यहुदी होते. ज्यांना जमले ते निघून गेले. मागे राहिले त्यांत म्हातारे फार. परदेशांना कामाला येतील अशी तरुण माणसे हवी होती; सत्तरीच्या विधवेला व्हिसा कोण देणार? मुलगा पालेस्टाइनमध्ये, मुलगी अमेरिकेत आणि आई बर्लिनच्या खोलीत, अशी घरे होती.

ऑक्टोबर १९४१ पासून ग्रुनेवाल्ड स्टेशनातून यहुद्यांना हजार-हजारांनी पूर्वेकडे पाठवणे सुरू झाले. ते आपण सर्वांनी ऐकले आहे. अनहाल्टर स्टेशनाची गोष्ट निराळी आहे आणि कमी लोकांना ठाऊक आहे. २ जून १९४२ रोजी ५० वृद्धांना तिथून थेरेसिएनश्टाटला नेले. त्यानंतर मार्च १९४५ पर्यंत, कधी ५० तर कधी १०० जण, अशा ११६ खेपा झाल्या. एकूण ९,६०० हून अधिक माणसे गेली. जनावरांचे डबे नव्हते. साधे प्रवासी डबे, पहाटेची नेहमीची गाडी, तिला जोडलेले एक-दोन जादा डबे. बाकीच्या डब्यांत कामावर जाणारी, नातेवाइकांकडे निघालेली माणसे बसलेली.

त्या वृद्धांना काय सांगितले होते, ते वाचून मला झोप आली नाही. थेरेसिएनश्टाट हा वृद्धाश्रम आहे, तिथे मरेपर्यंत राहणे, जेवण आणि औषधपाणी मिळेल, असा करार त्यांच्याकडून सही करून घेत. त्या बदल्यात उरलीसुरली सगळी शिल्लक लिहून द्यायची. रीतसर छापील कागद होता तो. पुढे गेल्यावर मिळाली गर्दीने भरलेली बराक, जमिनीवर गवताची गादी आणि उपासमार. थेरेसिएनश्टाटला सर्व देशांतून मिळून सुमारे १,४०,००० यहुदी नेले गेले. त्यांतले ३३,००० च्या आसपास तिथेच मेले, आणि ८८,००० च्या आसपास पुढे आउश्विट्झ व इतर ठिकाणी पाठवले गेले. बर्लिनमध्ये या म्हाताऱ्यांना आधी जमा करीत ते घर ग्रोसे हाम्बुर्गर रस्त्यावरचे होते, आणि ते पूर्वी आपल्याच लोकांचे वृद्धाश्रम होते. शेजारीच जुने कब्रस्तान, जिथे मोझेस मेंडेल्सोहन यांना १७८६ साली पुरले.

भिंतीपुढे उभा राहून मी हे भावाला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, चालत्या टाइमटेबलच्या गाडीला दोन डबे जादा जोडायचे म्हणजे काय, तुला माहीत नाही. कंट्रोलचा हुकूम लागतो. शंटिंग करणारे लागतात. गार्डाच्या हातातल्या कागदावर डब्यांची संख्या लिहावी लागते. मी असतो तर माझ्याही कागदावर लिहिली असती.”

हे शेवटचे वाक्य मला लागले. ११६ वेळा ते कुणीतरी लिहिले होते. यहुद्यांना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचे जर्मन रेल्वे भाडेही घेई: तिसऱ्या वर्गाचे, माणशी किलोमीटरला ४ फेनिग, लहान मुलांना अर्धे. परतीचे भाडे फक्त पहारेकऱ्यांचे लावत.

राबी लेओ बेक यांनाही जानेवारी १९४३ मध्ये याच वाटेने नेले. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. जर्मनीतल्या यहुद्यांचे ते पुढारी. बाहेर देशी जायची संधी असूनही आपली माणसे सोडून ते गेले नाहीत. पकडायला आले तेव्हा त्यांनी थोडा वेळ मागून घेतला आणि गॅसचे व विजेचे बिल भरून टाकले. ते जगले, आणि १९५६ साली लंडनला वारले.

आम्ही चालू लागलो. थोड्या अंतरावर ग्लाइसड्राइएक नावाची मोठी बाग लागते. २०११ मध्ये तिचा पहिला भाग लोकांसाठी खुला झाला. जुने रूळ काढून न टाकता झाडीत तसेच ठेवले आहेत. स्लीपरांच्या मधून झाडे उगवली आहेत. बागेच्या एका कडेला आजच्या लांब पल्ल्याच्या गाड्या बोगद्यातून बाहेर पडतात. गवतावर तरुण मुलेमुली चटया पसरून बिअर पीत होती. मला राग आला.

भाऊ म्हणाला, “येरुशलाईममध्ये जुन्या याफो लाइनच्या रुळांवर आपण नातवंडांना फिरवतोच ना?”

“त्या रुळांवरून असे कुणाला नेले नव्हते,” मी म्हणालो.

त्यावर तो काही बोलला नाही. मीही पुढे काही बोललो नाही. अजून मला नक्की ठरवता येत नाही कोणाचे बरोबर.

पुढे यॉर्कश्ट्रासे येथे रस्त्यावरून जाणारे लोखंडी पूल ओळीने उभे आहेत, बरेचसे गंजलेले आणि रिकामे. त्यांच्याही पलीकडे, प्रीस्टरवेग स्टेशनाजवळ, टेम्पेलहोफचे जुने शंटिंग यार्ड होते. युद्धानंतर शहराची फाळणी झाली आणि १९५२ साली अनहाल्टर स्टेशन व हे यार्ड दोन्ही बंद पडले. स्टेशन पुढे १९५९-६० च्या सुमारास पाडले. यार्डात मात्र कोणी फिरकले नाही, आणि बर्चची झाडे फलाटांसारखी रांगेने वाढली. नंतर तिथे पुन्हा मालगाड्यांचे यार्ड करायचे ठरत होते, तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी विरोध करून ते थांबवले. २००० साली ते निसर्गउद्यान म्हणून खुले झाले, साधारण १८ हेक्टरचे. ५० मीटर उंच पाण्याची टाकी, एक काळे वाफेचे इंजिन आणि इंजिने फिरवायचे टर्नटेबल तिथे आहे. पायवाट पुष्कळ ठिकाणी रुळांवरूनच जाते. टर्नटेबलापाशी भाऊ लहान मुलासारखा खूष झाला. कल्याणच्या लोको शेडची गोष्ट त्याने मला तिसऱ्यांदा सांगितली.

बाहेर पडण्याआधी त्याने खिशातून किप्पा काढली. त्याला कादिश म्हणायचा होता. पण आम्ही दोघेच. मिन्यान कुठून आणणार? तेव्हा दोन रुळांच्या मधे उभे राहून आम्ही तेहिल्लीम वाचले आणि हश्काबा म्हटली. हश्काबेत नाव घ्यावे लागते. आमच्यापाशी नाव नव्हते. भाऊ म्हणाला, “त्या दिवशीचे ५० जण म्हण.” तसे म्हटले. एक बाई कुत्रा घेऊन आली होती, ती आमचे होईपर्यंत लांबच थांबली.

प्रीस्टरवेगहून आम्ही लोकल पकडली. चालत यायला आम्हाला सबंध सकाळ लागली होती, परतीला दहाएक मिनिटे लागली. जमिनीखालच्या त्या लोकल स्टेशनाला अजून जुनेच नाव आहे. गाडी थांबायला आली तेव्हा लाउडस्पीकरवर ते पुकारले: अनहाल्टर बानहोफ. भाऊ उठून दारापाशी गेला आणि सवयीप्रमाणे मागच्या डब्याकडे वाकून पाहू लागला.