हिमबुरशी

हिमबुरशी : बर्फाच्या थराखाली गव्हासारखी हिवाळी पिके व गवत कुजवणाऱ्या बुरशींचा गट. जाड बर्फाखाली तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकते, अंधार व ओल असते आणि रोपांचा साठवलेला साखरेचा साठा आटत जातो. प्रतिकार मंदावलेल्या या काळात बुरशीला प्रतिस्पर्धी जवळजवळ नसतात. त्यामुळे बर्फ किती दिवस टिकतो आणि जमीन गोठते की नाही, यांवर कोणती बुरशी कुठे तगेल हे बरेचसे ठरते.

जपानचे होक्काइदो बेट याचे उत्तम उदाहरण आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे पश्चिम भागात लवकर व भरपूर बर्फ पडतो आणि जमीन फारशी गोठत नाही. तेथे टायफुला इशिकारिएन्सिस प्रबळ ठरते. पर्वतरांगांच्या आडोशाच्या पूर्व भागात बर्फ कमी व उशिरा पडत असल्याने जमीन खोलवर गोठते. तेथे गोठलेल्या ऊतींतही वाढू शकणारी स्क्लेरोटिनिया बोरेॲलिस आढळते.

एकाच जातीतही असा भेद दिसतो, आणि अभ्यासकांचे कुतूहल खरे तर इथेच जागे होते. टायफुला इशिकारिएन्सिसचे उन्हाळा सुप्तावस्थेत काढणारे कडक दाणे (स्क्लेरोशिया) सर्वत्र सारखे नसतात. होन्शू बेटावरील अल्प व अनिश्चित बर्फाच्या काही भागांत लहान दाण्यांचा प्रकार सापडतो. नॉर्वेच्या कडाक्याच्या थंडीच्या उत्तरेकडील प्रकार दक्षिणेकडील प्रकारापेक्षा गोठणे अधिक सोसतो. बर्फाची मुळीच गरज नसलेली मायक्रोडोकियम निवाले ही बुरशी मात्र थंड, ओल्या हवेतही रोग पसरवते.