मार्कंडा : उतरलेलं शिखर आणि आपण



१५ एप्रिल २०१९च्या रात्री पॅरिसचं नोत्र दाम जळताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मनोरा कोसळला आणि रस्त्यावर उभी असलेली माणसं रडू लागली. त्यातली कितीतरी कधी चर्चमध्ये जाणारी नव्हती. तेव्हा आमच्या मनात प्रश्न आला, ही माणसं नेमकी कशासाठी रडतात? देवासाठी, दगडासाठी, की स्वतःसाठी? तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला, त्यामुळे प्रश्न सुटत नाही. पण उत्तर शोधायला पॅरिसला जाण्याची गरज नाही. चामोर्शीपर्यंत एसटीनं गेलं तरी पुरे.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगा दक्षिणेला वाहता वाहता एकाएकी उत्तरेला वळते. त्या वळणावर मार्कंडा आहे. ही देवळं साधारण नवव्या ते बाराव्या शतकांदरम्यानची. १८७०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आले आणि त्यांनी या देवळांबद्दल फार कौतुकानं लिहिलं. त्यांच्या मोजमापानुसार आवार १९६ फूट लांब आणि ११८ फूट रुंद. आत लहानमोठी चोवीस देवळं असल्याचं सांगतात. आज त्यातली बरीच पडली आहेत.

कनिंगहॅम येण्याच्या कितीतरी आधी मुख्य देवळावर वीज पडली होती. शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला आणि मंडपाचं छत गेलं. पुढे चांद्याच्या गोंड राजानं डागडुजी केली. त्या डागडुजीत मूळचं नाजूक कोरीवकाम नाही. जाड, साधे, ओझं पेलणारे खांब आहेत. कलेचे अभ्यासक तिथे नाक मुरडतात. तरुणपणी आम्हीही मुरडलं होतं. आज वाटतं, त्या राजानं जुन्याची नक्कल करण्याचा आव आणला नाही. देऊळ उभं राहावं आणि लोकांना आत जाता यावं, एवढंच त्यानं पाहिलं. तो खांबही आता इतिहासच झाला आहे.

गेल्या दशकात पुन्हा दुरुस्ती निघाली. शिखराचे दगड उतरवले गेले, त्यांवर क्रमांक घातले गेले आणि ते आवारात मांडून ठेवले गेले. मग काम रेंगाळलं. महाशिवरात्रीच्या जत्रेत आम्ही गेलो तेव्हा एक आजी त्या क्रमांकाच्या दगडांना हळदकुंकू लावत होत्या. आम्ही विचारलं, ‘‘आजी, देव तर आत आहे ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘देव आतच हाये बापा. पण हे त्याचं घर हाये. घर मोडून ठेवलं तं त्याले इचारा नाही का लागत?’’

आमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. त्या आजींसाठी देव आणि दगड वेगळे होते, पण नातं एकच होतं. त्यांच्या आजीनं त्याच उंबरठ्यावर डोकं टेकलं होतं. इमारत पडते तेव्हा हा टेकायचा उंबरठा जातो. पॅरिसची माणसं रडली तीही यासाठीच.

पण मित्रहो, प्रेमानंही इमारती मरतात, हे विसरू नका. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ या पवित्र शब्दाखाली किती गावांत जुन्या देवळांवर टाइल्स बसल्या, कोरीव खांबांवर ऑइलपेंट चढला! करणारे श्रद्धाळूच होते. जपानात इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, मग आम्ही का नको, असं कुणी विचारेल. उत्तर सोपं आहे. तिथे बांधायची विद्या पिढीकडून पिढीकडे चालत येते. आपण मात्र दगड आणि विद्या दोन्ही टाकून देतो आणि सिमेंट आणतो.

चांद्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल मिशन आलं. ज्यांच्या घरातले बारसे, लग्नं आणि अंत्यसंस्कार मिशनच्या जुन्या प्रार्थनाघरात झाले, त्या कुटुंबांना त्या भिंतींबद्दल जे वाटतं ते मार्कंड्याच्या आजींपेक्षा वेगळं नाही. आणि चंद्रपूरचा सुमारे अकरा किलोमीटरचा गोंडकालीन परकोट? त्याच्यावर झाडं वाढली, कचरा साचला. जटपुरा गेटातून रोज गेलो, पण मान वर करून पाहिलं नाही. २०१७पासून इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी हाती कुदळ-फावडी घेऊन त्याचे बुरूज साफ केले, तेव्हा आम्हाला आमचंच गाव दिसलं. आम्ही भाषणं देत होतो, ती मुलं काम करत होती. ही लाज आम्ही इथे कबूल करतो.

मग करायचं काय? नोत्र दाम ८ डिसेंबर २०२४ला पुन्हा उघडलं. आगीच्या काही वर्षं आधी अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापकानं त्याची लेसरनं मोजणी करून ठेवली होती. ती नंतर उपयोगी पडली. मार्कंड्यालाही कनिंगहॅमची मापं आहेत. पण तुमच्या गावच्या देवळाची, मशिदीची, प्रार्थनाघराची, गढीची मापं कुणाकडे आहेत? मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. चारी बाजूंनी फोटो काढा, खाली तारीख लिहा, म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा. रंगाचा डबा उघडण्याआधी एखाद्या जाणकाराला बोलवा. आणि जिथे दगड उतरवून ठेवले असतील तिथे ते परत कधी चढणार, हे विचारत राहा.

आजी दगडाला हळदकुंकू लावतात. आपण निदान त्याचा क्रमांक पुसू देऊ नये.